अंध मुलगा, एलएलबीचं दुसरं वर्ष, कोर्ट नाक्यावर वकिलांकडे बसतोय : कॉम्प्युटरचं नेमकं काय काय यायला हवं?

ऐरोलीची_आई | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार. इथे वकील मंडळी आहेत आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारेही काही जण आहेत, हे जुने धागे वाचून कळलं. म्हणून विचारते.

माझा मुलगा तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नववीत असताना त्याची दृष्टी पूर्ण गेली. बीए त्याने लेखनिक घेऊन आणि रेकॉर्डिंग ऐकून केलं. फोनवर टॉकबॅक, म्हणजे फोनचा स्क्रीन रीडर, इतक्या वेगात लावतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे. वाचतो, टाइप करतो, मेल करतो. आम्हाला वाटलं, कॉम्प्युटर आला.

ठाण्याला कोर्ट नाक्यावरच्या एका वकिलांनी त्याला आठवड्यातून तीन दिवस बसायला बोलावलंय. माणूस भला आहे. पहिल्याच आठवड्यात चेक बाउन्सची नोटीस लिहायला दिली. कायदा त्याला पाठ आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे द्यायला, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. मजकूर बरोबरच होता. पण प्रिंट काढली तेव्हा अर्धा परिच्छेद एका फॉन्टमध्ये, अर्धा दुसऱ्यात. पत्ता पानाच्या मधोमध. आणि समोरच्याचं आडनाव एका ठिकाणी 'पाटील', दुसऱ्या ठिकाणी 'पाटिल'. वकीलसाहेब म्हणाले, "मजकूर छान आहे. फक्त घरी कुणाला तरी दाखवून आणत जा."

तेव्हापासून रोज रात्री जेवणं झाली की मी तपासायला बसते. मी शाळेत क्लार्क आहे, वर्ड येतं मला. पण दोन वर्षांनी तो सनद घेईल, तेव्हाही मीच बसणार का त्याच्या शेजारी? तो बोलत नाही काही. फक्त मी चूक दाखवली की "हं" म्हणतो आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतो.

त्याने काय शिकायला हवं, कुठून सुरुवात करावी, मराठी टायपिंगचं काय करावं, ते सांगा. कुणी या वाटेने गेलं असेल तर फारच बरं होईल.

---

कळवा_खाडी | सोमवार, रात्री १०.५०

मी पण दुसऱ्या वर्षालाच आहे, दुसऱ्या कॉलेजात. नोट्स किंवा पुस्तकं स्कॅन करून हवी असतील तर सांगा काकू. अंध व्यक्तीच्या वापरासाठी पुस्तक वाचता येईल अशा स्वरूपात करून देणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी) मध्ये बसतं, २०१२ च्या दुरुस्तीपासून. त्यामुळे झेरॉक्सवाला किंवा ग्रंथपाल नाही म्हणाला तर हे कलम दाखवा.

---

नौपाडा_वकील | मंगळवार, सकाळी ६.३५

ताई, मी जन्मांध आहे. ठाण्यात अकरा वर्षं वकिली करते. तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा ऐकला. सावकाश लिहिते, कारण तुमच्या मुलाच्या जागी मी होते.

आधी महत्त्वाचं. तपासायचं काम तुमच्याकडून काढून त्याच्याकडे द्या. बाकी सगळं त्यानंतर. टाइप करता येतं म्हणजे कॉम्प्युटर येतो, असं आपल्याकडे अंध मुलांना शिकवणारेही धरून चालतात. वकिलीत टाइप करणं हा कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे आपल्या हातून बाहेर पडणाऱ्या कागदाची खात्री करणं. खाली सही आपली असते, आईची नसते.

त्याची नोटीस बिघडली ती आळसामुळे नाही. एनव्हीडीए आपण होऊन मजकूर वाचतो, कागद कसा दिसतोय ते सांगत नाही. ते विचारावं लागतं. इन्सर्ट आणि एफ दाबलं की कर्सर जिथे आहे तिथला फॉन्ट, आकार, ठळक आहे की नाही, ओळ मधोमध आहे की डावीकडे, सगळं बोलतो. इन्सर्ट, कंट्रोल आणि डी दाबलं की डॉक्युमेंट फॉरमॅटिंगची खिडकी उघडते. तिथे फॉन्टचं नाव, आकार, अलाइनमेंट आणि इंडेंट यांच्यावर खूण करून ठेवली की वाचता वाचता फॉन्ट बदलला रे बदलला की तो सांगतो. कायम चालू ठेवलं तर डोकं उठतं, म्हणून मी हे फक्त तपासताना लावते.

माझा प्रत्येक मसुदा मी तीनदा ऐकते. पहिल्यांदा भरभर, फक्त अर्थासाठी. दुसऱ्यांदा फॉरमॅटिंग चालू आणि इन्सर्ट-पी ने विरामचिन्हं 'सर्व' वर ठेवून, म्हणजे प्रत्येक स्वल्पविराम, कंस, अवतरण ऐकू येतं. तिसऱ्यांदा फक्त नावं, तारखा, रकमा आणि कलमं, बाणाच्या बटणाने एकेक अक्षर. 'पाटील' आणि 'पाटिल' हे यंत्राच्या आवाजात इतके सारखे वाजतात की ओळीच्या वेगात फरक कळणं अशक्य. अक्षरागणिक गेलं की पहिली वेलांटी की दुसरी ते तो स्पष्ट सांगतो. डोळस माणसाला ही चूक एका नजरेत दिसते, आपल्याला ती शोधायला जावं लागतं. वेळ लागतो. तो वेळ कामात धरायचा.

दुसरं, त्याने जागा सोडण्यासाठी स्पेसबार आणि एंटर वापरणं आजपासून बंद करावं. पत्ता मधोमध गेला तो बहुतेक यामुळेच. कंट्रोल-ई मधोमध, कंट्रोल-एल डावीकडे, कंट्रोल-जे दोन्ही कडा सारख्या, कंट्रोल-५ दीड ओळीचं अंतर, कंट्रोल-एंटर नवं पान. शीर्षकांना हेडिंगची स्टाइल, परिच्छेदांना वर्डचे आपोआप येणारे क्रमांक. एकदा नोटीस, वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र, कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर), मुदतीचा अर्ज यांचे कोरे नमुने स्टाइलसकट बनवून ठेवले की रोजचं निम्मं काम होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ए-४ कागद, टाइम्स न्यू रोमन, आकार १४, दीड ओळ असं ठरवून दिलं. सोडावयाचा समासही सेंटिमीटरमध्ये लिहून दिलाय. मला ते वाचून आनंद झाला होता. समोरच्याला 'बरं दिसणं' म्हणजे काय ते मला कळत नाही, पण चार सेंटिमीटर कळतात.

माझी एक चूकही सांगते. तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिसमध्ये मी जुन्या अर्जावर नवा अर्ज बेतला. वरची नावं बदलली, पण शेवटच्या विनंतीच्या परिच्छेदात आधीच्या पक्षकाराचं नाव तसंच राहिलं. कोर्टात न्यायाधीशांनी ते मोठ्याने वाचलं. पक्षकार शेजारी उभे होते. तेव्हापासून जुना मसुदा वापरत नाही, कोराच नमुना उघडते, आणि दाखल करण्याआधी कंट्रोल-एफ मध्ये जुनं नाव टाकून पाहते.

हे वाचून तो कंटाळेल. कंटाळू द्या. दोन महिन्यांत बोटांना सवय होते.

---

तीनहातनाका | मंगळवार, दुपारी १.२०

वकीलताईंचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझी तीस वर्षं दिवाणी बाजूला गेली. आमच्या पिढीने कधी टाइप केलं नाही. डिक्टेशन दिलं, कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने टंकलं, आम्ही सही केली. समास आणि फॉन्ट हे कारकुनाचं काम. मुलाचं डोकं कायद्यात चालत असेल तर त्याची शक्ती त्यात घालवू नका. साधन गुप्ता डोळ्यांनी अधू होते, कॉम्प्युटर नव्हता त्या काळात ते खासदार झाले, वकिली केली, पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयात झॅक याकूब १९९८ ते २०१३ न्यायमूर्ती होते, पूर्ण अंध. ते काही मार्जिन मोजत बसले नसतील.

---

नौपाडा_वकील | मंगळवार, रात्री ९.०५

सर, तुमच्याकडे ज्युनिअर म्हणून येणाऱ्याला पहिली पाच वर्षं तुम्ही काय देता? युक्तिवाद देता का? मसुदा देता, बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायला सांगता, नक्कल अर्ज, रोजनाम्याची प्रत, केस लॉ शोधणं. यातलं काहीच स्वतः न करता येणारा ज्युनिअर युक्तिवादापर्यंत पोचतच नाही. महाधिवक्त्याला स्टाफ मिळतो. ऐरोलीच्या मुलाला सुरुवातीला महिन्याचा पासही घरून काढावा लागेल, टायपिस्टचे पैसे कुठून देणार तो?

आणि दुसरं. घटस्फोटाच्या अर्जात बाई जे सांगते ते मी कोर्टाबाहेर बसलेल्या टायपिस्टला मोठ्याने सांगू? शेजारी चहावाला, दोन पक्षकार, कुणाचा तरी मेहुणा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने अशिलाची गोष्ट माझ्याजवळ राहायला हवी. तुम्ही लिहून देऊ शकत होता, मला बोलूनच द्यावं लागतं. माझ्या दृष्टीने टाइप करता येणं ही अशिलाच्या गोपनीयतेची गोष्ट आहे.

---

तीनहातनाका | मंगळवार, रात्री ११.४०

टायपिस्टसमोर मोठ्याने सांगावं लागतं हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य.

मग ज्युनिअरचं काम म्हणून माझ्याकडून एक भर. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर प्रत्येक केसला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. मुलाने सीनिअरच्या चालू केसेसचे सीएनआर एका एक्सेलमध्ये घ्यावेत. क्रमांक, पक्षकार, कोर्ट, पुढची तारीख, कशासाठी ठेवली, शेवटी काय झालं. रोज संध्याकाळी भरावं. माझ्या ऑफिसात हे कुणी नीट करत नाही, आणि जो करील त्याच्याशिवाय माझं पान हलणार नाही.

---

टंकलेखन_कोपरी | बुधवार, सकाळी ११.००

मराठी टायपिंगचं मी सांगते. बावीस वर्षं टायपिंगचे क्लास घेतले, त्यात तीन अंध विद्यार्थी होते. तिघांनीही मला शिकवलं असं म्हणेन.

ताई, मुलगा आत्ता कसं टाइप करतो? इंग्रजीत स्पेलिंग मारून मराठी उमटतं तसं असेल तर ते सोडायला लावा. त्यात यंत्र आपल्या मनाने शब्द सुचवतं आणि सुचवलेला शब्द न बघता स्वीकारला जातो. 'पाटिल' तिथूनच आलेला असायची शक्यता खूप. इनस्क्रिप्ट शिकवा, म्हणजे मराठी अक्षरांना ठरलेली बटणं असलेला कीबोर्ड. विंडोजमध्ये मराठी भाषा घातली की कीबोर्ड मिळतो, विकत काही घ्यायला नको.

इनस्क्रिप्टची रचना न बघता टाइप करणाऱ्यासाठीच केली असावी इतकी सोयीची आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर उंचवटा असतो ना, बोटांनी घर शोधायला? त्यातल्या एफवर पहिली वेलांटी आहे आणि जे वर र. एफच्या डावीकडे डी वर पाय मोडायचं चिन्ह, एस वर एक मात्रा, ए वर ओकार. उजवीकडे के वर क, एल वर त. शिफ्ट धरून एन मारला की ळ. पहिली वेलांटी वेगळ्या बटणावर, दुसरी वेगळ्या, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ बोटातच बसतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं शुद्धलेखन इनस्क्रिप्टने सुधारलं, कारण अंदाजाने लिहायची सोयच उरली नाही.

एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट-२ ने टाइप केलेलं अक्षर आणि इन्सर्ट-३ ने टाइप केलेला शब्द बोलणं चालू-बंद होतं. शिकताना अक्षर चालू. हात बसला की फक्त शब्द.

आता अडचणीची गोष्ट. आपल्या कोर्टकचेऱ्यांच्या आसपास अजून जुने, युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर सारख्या चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट चालतात. कृतिदेव वगैरे. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डोळ्यांना 'वादी' दिसतं, स्क्रीन रीडरला आत जे आहे ते मिळतं आणि तो भलतंसलतं बडबडतो. मुलाला वाटतं आपला सॉफ्टवेअर बिघडला. बिघडलेला नसतो. अशी फाइल आली की कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणायची आणि मग जोडाक्षरं आणि रफार ऐकून तपासायचे, तिथे घोळ राहतो. सगळ्यात चांगलं म्हणजे त्याने सीनिअरच्या ऑफिसात जाऊन सांगावं, की मला देताना युनिकोडमध्ये द्या. सांगायला लाजू नये. ऑफिसचंही भलं आहे त्यात, जुन्या फॉन्टमधल्या फाइलीत शोधसुद्धा घेता येत नाही.

---

घणसोली_लोकल | बुधवार, रात्री १०.३०

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, अंध आहे, वकील नाही. पण कागदांचा प्रश्न सगळ्यांचा सारखाच.

तुमच्या मुलाकडे येणाऱ्या दहा पीडीएफमधल्या निदान सात निव्वळ फोटो असतील. मजकूर निवडून पाहायचा. कंट्रोल-ए करून काहीच निवडलं गेलं नाही तर तो फोटो. विंडोजवर एनव्हीडीएत इन्सर्ट-आर दाबलं की पडद्यावरच्या चित्रातलं ओळखून वाचतो, पण ते एखाद्या पानासाठी. चाळीस पानांचा कागद असेल तर पूर्ण ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकुरात आणून, वर्ड फाइल बनवावी. टेसरॅक्ट फुकट आहे, मराठी ओळखतं, आणि आपल्याच लॅपटॉपवर चालतं. हा शेवटचा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण इंटरनेटवरच्या कुठल्याही फुकट साइटवर पक्षकाराचा कागद चढवणं म्हणजे तो दुसऱ्याच्या हातात देणं. सराव करायला जुने निकाल चढवा हवे तेवढे, ते सार्वजनिकच आहेत.

स्कॅन स्वतः करत असाल तर तीनशे डीपीआय, पान सरळ, सावली नको. फोनने काढलेल्या तिरक्या फोटोतून कुठलंही ओसीआर धड मराठी देत नाही. शिक्का अक्षरांवर बसलेला असेल तर तो भाग हातचा गेलाच.

उलट दिशेने पण लक्षात ठेवा. आपला कागद वर्डमधून थेट पीडीएफ म्हणून सेव्ह करायचा. छापायचा, सही करायची आणि सगळाच स्कॅन करायचा ही सवय फार पसरली आहे. सही-शिक्क्याचं पान तेवढं स्कॅन करून जोडा, बाकीची पानं जिवंत ठेवा.

एक गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं होतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलीचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलीतून काढलेली तिची ओळख पटवणारी अक्षरांची खूण, लिहावं लागतं. व्हिडिओ असो की चॅटची प्रत. पुष्कळ वकील यासाठी माणूस शोधत फिरतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश आणि फाइलीचं नाव टाकलं की एसएचए-२५६ ची चौसष्ट अक्षरं समोर येतात. निव्वळ मजकूर, चित्र नाही, माउस नाही. आपल्यासारख्यांना याहून सोपं काम नाही. तज्ज्ञाची सही लागणारा भाग वेगळा असतो, तो तज्ज्ञानेच भरायचा, पण हॅश काढून पडताळून देणं मुलगा आजपासून करू शकतो. ऑफिसात हे एकट्याला येत असेल तर त्याच्या टेबलाशी लोक येतील.

---

कळवा_खाडी | गुरुवार, सकाळी ८.१५

(ट्रेनमधून.) एक्सेलवरून आठवलं. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता मी बनवलाय, तुमच्या मुलाला देते. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, नंतरच्याला नवी भारतीय न्याय संहिता, म्हणून दोन्ही लागतं. खुनाच्या ३०२ चं १०३, फसवणुकीच्या ४२० चं ३१८(४), खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चं १०९. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२ झाला, आणि आधी ४८२ म्हटलं की हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, ते आता ५२८. तोंडपाठ करणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. तक्त्यात एकत्र केलेले सेल ठेवले नाहीत, ते स्क्रीन रीडरला त्रास देतात असं ऐकलंय. बरोबर ना?

---

घणसोली_लोकल | गुरुवार, सकाळी ८.४०

अगदी बरोबर. पहिल्या ओळीत स्तंभांची नावं, मध्ये रिकामी ओळ नको. कंट्रोल-शिफ्ट-एल ने फिल्टर लागतो. मनापासून आभार, असं विचारून बनवणारे कमी भेटतात.

---

ऐरोलीची_आई | गुरुवार, रात्री ९.५५

सगळ्यांचे आभार कसे मानू. मुलाला धागा ऐकायला दिला. इनस्क्रिप्ट सुरू केलंय, पहिल्या दिवशी एका तासात चार ओळी झाल्या आणि चिडला. वकीलताई, एक विचारू? कोर्टात उभं राहून बोलताना तुम्ही कशावरून वाचता? तो म्हणतो, इअरफोन लावीन. मला ते बरं दिसेल का कळत नाही.

---

नौपाडा_वकील | शुक्रवार, सकाळी ६.१०

ताई, बरं दिसण्याचा प्रश्न बाजूला ठेवा. खरी अडचण कानाची आहे. टेबलाशी बसून काम करताना एक कान माणसांना आणि एक कान यंत्राला देता येतो. उभं राहून युक्तिवाद करताना नाही. न्यायाधीश मध्येच विचारतात, समोरचे वकील हरकत घेतात, मागून कारकून निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक, सांगतो. त्याच वेळी कानात वेगाने बोलणारा आवाज असेल तर दोन्हीतलं काहीच ऐकू येत नाही. मी सुरुवातीची दोन वर्षं हा प्रयत्न केला आणि न्यायाधीशांचे प्रश्न परत विचारायला लावले. ते थकवणारं होतं, त्यांनाही.

मग ब्रेलकडे परत गेले. ऑर्बिट रीडर नावाचं वीस अक्षरांच्या ओळीचं छोटं यंत्र आहे, लॅपटॉपला जोडता येतं आणि कार्डावरून नुसतंही वाचतं. तारखा, निशाण्या, निकालांची नावं आणि परिच्छेद क्रमांक त्यात असतात. बोट ओळीवर, कान कोर्टाकडे. ते परवडेपर्यंत मी जाड कागदावर हाताने टोचलेल्या चिठ्ठ्या नेत असे, एका केसला एक चिठ्ठी, बारा-पंधरा ओळी. तुमच्या मुलाची दृष्टी नववीत गेली म्हणजे ब्रेल त्याने कदाचित नीट शिकलेलं नसेल. कॉम्प्युटर आला म्हणून ब्रेल नको, असं त्याला कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. वरळीला नॅब ही अंधांसाठीची संस्था आहे, आणि धोबी तलावाला सेंट झेवियर्समध्ये दृष्टिबाधितांसाठीचं एक्सआरसीव्हीसी केंद्र २००३ पासून आहे. ठाण्याहून सीएसएमटीची लोकल आहे थेट, एका दिवशी दोघं जाऊन या.

व्हिडिओवरच्या सुनावणीला इअरफोन चालतोच, पण तिथेही स्क्रीन रीडर शांत ठेवायचा. झूमवर ऑल्ट-ए माइक, ऑल्ट-व्ही कॅमेरा, ऑल्ट-वाय हात वर. कॅमेऱ्यात चेहरा नीट येतोय का, ते आधी घरच्या कुणाला तरी विचारून घ्यायचं आणि टेबल-खुर्चीची ती जागा पक्की करून ठेवायची. हे एक विचारण्यात कमीपणा नाही.

परीक्षेचंही सांगून टाकते. २९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला वीस मिनिटं जादा वेळ होता, कॉम्प्युटरवर उत्तर लिहिण्याचा पर्याय होता, आणि यंत्र आदल्या दिवशी तपासून पाहू देण्याचंही त्यात लिहिलं होतं. आमच्या वेळी मला लेखनिकच घ्यावा लागला. माझा लेखनिक वाणिज्य शाखेचा होता, 'रेस ज्युडिकाटा' हा कायद्यातला शब्द त्याने चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिला. तिसऱ्या वर्षाच्या आत मुलाने कॉलेजला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. तोंडी विचारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

---

तीनहातनाका | शुक्रवार, दुपारी २.३०

या मुलाला हेही सांगा. ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिबाधितांना न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही असा निकाल दिला. मध्य प्रदेशचा त्यांना अडवणारा नियम रद्द केला. आमच्या काळी असा मुलगा आला असता तर आम्ही त्याला शिक्षकी पेशा सुचवला असता, आणि ते चुकीचं होतं.

---

ऐरोलीची_आई | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.२०

वर आणते आहे धागा.

झेवियर्सला जाऊन आलो. ब्रेल पुन्हा सुरू झालंय, रोज अर्धा तास, कुरकुर करत. इनस्क्रिप्टचा वेग अजून कमी आहे पण चुका फार कमी झाल्या. एक्सेलमध्ये सीनिअरच्या एकसष्ट केसेस भरल्या.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर मी सवयीने खुर्ची ओढली. तो म्हणाला, "पाठवलं मी सात वाजता." दाव्याची कैफियत होती, नऊ पानांची. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सीनिअरांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या, दोन्ही कायद्याच्या. फॉन्टबद्दल काही नाही.

त्याला इथे लिहायचंय, खातं काढून दिलंय.

---

ट्रान्सहार्बर | रविवार, रात्री ८.५५

नमस्कार. आईने जे लिहिलं ते सगळं मला आधी वाचून दाखवलं नव्हतं, पण ठीक आहे.

वकीलताई, तीनदा ऐकायची पद्धत चालली. तिसऱ्या फेरीत मला कैफियतीत एक सापडलं. वादीच्या दाव्यातच क्षेत्रफळ एका ठिकाणी ४२.५ चौरस मीटर आणि मिळकतीच्या वर्णनात ४५.२ आहे. मी आपलं टायपिंग चुकलं समजून मूळ दावा अंकागणिक ऐकला, तर चूक त्यांचीच. सीनिअरांनी ते मुद्दा म्हणून घेतलं.

घणसोलीकर दादा, हॅशचं करून पाहिलं. जमलं. ऑफिसात आता दोघांना शिकवलंय.

एक अडलंय. एका फौजदारी प्रकरणाचं दोषारोपपत्र आलंय, ४३ पानं. छापील भाग टेसरॅक्टने निघाला. पण पंचनामा आणि दोन जबाब हाताने लिहिलेले आहेत, सात पानं, कार्बन कॉपी. त्यातून काहीच येत नाही. आईला देता येईल, पण ती म्हणते पोलिसांचं अक्षर तिला लागत नाही. तुम्ही हाताने लिहिलेल्या कागदांचं काय करता?

---

नौपाडा_वकील | रविवार, रात्री ९.३०

क्षेत्रफळाचं वाचून फार फार आनंद झाला.

हाताने लिहिलेल्याला माणूसच लागतो, अजून तरी. मी वाचक ठेवलाय, तासाचे पैसे देते. तो वाचतो, मी इनस्क्रिप्टमध्ये शब्दाला शब्द उतरवून घेते, न लागलेल्या शब्दाच्या जागी तसं लिहिते, अंदाज घालत नाही. पानाचा आणि ओळीचा क्रमांकही टाकते, म्हणजे उलटतपासणीत नेमकं बोट ठेवता येतं. वाचक वकील किंवा विधी शाखेचा असला तर 'समक्ष' आणि 'सबब' लगेच ओळखतो.

---

तीनहातनाका | रविवार, रात्री १०.१५

पोलिसांचं अक्षर तीस वर्षं वाचतोय. फौजदारी माझा विषय नाही, पण जमिनीच्या भांडणात पंचनामे पुष्कळ पाहिले. शनिवारी पाचनंतर मी मोकळा असतो, ऑफिस गावदेवी मैदानाजवळ आहे. सात पानांना दीड तास पुरेल. पैशाचा विषय काढू नये.

---

ट्रान्सहार्बर | रविवार, रात्री १०.२८

सर, मनापासून आभार. कागद पक्षकाराचे आहेत, त्यामुळे सीनिअरांना आणि त्यांच्याकडून पक्षकाराला विचारतो. त्यात तुम्ही समोरच्या बाजूने कुठे हजर नाही ना, हेही ते विचारतील. त्यांचं हो आलं की इथे न लिहिता तुम्हाला व्यक्तिगत निरोपात कळवतो. लॅपटॉप मी आणेन, चार्जिंगची सोय आहे का तेवढं सांगा.